उलटी पंगत

हिरालालकाकांना माझ्याबद्दल विचारलंत तर ते चांगलंच सांगतील. हेच मला सहन होत नाही. "ओमेशनं माझ्यासाठी लय धावपळ केली," असं म्हणून ते भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवतील. ती फ्रेम मीच आणली. गोंदियाहून बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो होतो, काच फुटू नये म्हणून शेजारच्या बाईशी भांडलोही होतो. आता ती उतरवून कुठेतरी फेकून द्यावी असं वाटतं, पण ती त्यांच्या घरात आहे, देव्हाऱ्याच्या शेजारी.

सडक अर्जुनीत माझं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, परीक्षेचे फॉर्म, धानाच्या बोनसची नोंदणी, सगळं मी करतो. लोकांना फॉर्म भरता येत नाही आणि मला येतो, एवढ्यावर माझं घर चालतं. माझा माजही त्याच्यावरच चालायचा. कोणी आधार कार्ड घरी विसरून आला की मी त्याला चारचौघांत झापायचो. कागदावर नाही ते जगात नाही, असं माझं सरळ मत होतं.

हिरालालकाका आमच्या गावचे सुतार. दोन एकर धानाची बांधी आहे, बाकी सगळा संसार रंध्यावर आणि पटाशीवर. दारं, चौकटी, खाटा करतात. बोलणं मोजकं, घरातलं बोलायचं खातं काकू, म्हणजे शकुंतलाबाई, एकहाती सांभाळतात. आमच्या भागात तंबाखू-सुपारीचा खर्रा न खाणारा माणूस शोधावा लागतो, पण काकांनी तो तिशीतच सोडला. कारण काय, तर खाली मान घालून काम करताना थुंकी पडते आणि पांढऱ्या लाकडावरचा डाग जात नाही. तब्येतीसाठी कोणी कितीही सांगितलं असतं तरी त्यांनी सोडला नसता.

त्यांची आणखी एक खोड होती. कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटी करायची. शेजारी नवा मिक्सर आला, उलटा केला. माझ्या लग्नात मांडवात भाड्याच्या खुर्च्या आल्या, तर हे पाहुण्यांना सोडून एक खुर्ची उलटी करून तिचे नट बघत बसले होते. नवरदेव म्हणून मी वर उभा, आणि माझ्या फोटोत मागे हे. त्या फोटोवरून आम्ही त्यांना वर्षानुवर्षं चिडवलं.

पण पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं ते नंदीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा भरतो. लेकरं चाकं लावलेले लाकडी बैल दोरीनं ओढत आणतात, सजावटीची बक्षिसं होतात, मग बैल घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. हे तर सगळ्या विदर्भात आहे. आमच्या गावात त्यापुढे एक गोष्ट होती, ती म्हणजे उलटी पंगत.

लेकरं बोजाऱ्याला पांगली की शाळेच्या व्हरांड्यात ताडपत्री अंथरायची. आसपासच्या आठ-दहा गावांतले सुतार आपापला नवा नंदी आणून त्यावर उलटा ठेवायचे. चाकं वर, पोट वर, सगळे एका ओळीत. मग उकिडवं बसून एकमेकांच्या बैलांच्या पोटात बोटं घालायची, पट्ट्या हलवून पाहायच्या, खुंट्या मोजायच्या, आणि मनसोक्त नावं ठेवायची. नियम दोनच होते आणि ते कुठे लिहिलेले नव्हते. पोट झाकायचं नाही. आणि यंदा दुसऱ्याचं जे उचललं त्यात पुढल्या पोळ्याला आपली काहीतरी भर घालून आणायची. नुसतं तसंच करून आणलं तर चहा नाही. एका वर्षी कोहमाऱ्याकडचा एक जण हुबेहूब नक्कल घेऊन आला. किटली ओळीनं आली, त्याच्यापाशी थांबली नाही, पुढे गेली. तो बिचारा रिकामा कप धरून बसला. पुढल्या वर्षी त्यानं जीभ बाहेर काढणारा बैल आणला आणि तीन कप चहा प्यायला.

या पंगतीतच आठ वर्षांपूर्वी भैयाजीनं डोलणारी मान आणली. भैयाजी म्हणजे देवरीच्या पलीकडच्या, जंगलाकडच्या एका गावचा सुतार, वयानं काकांच्या बरोबरीचा. मागच्या चाकाच्या आसावर त्यानं एक खुंटी बसवली होती. चाक फिरलं की खुंटी पोटातली पट्टी उचलायची आणि पट्टी मानेला झटका द्यायची. बैल ओढला की हो-हो म्हणत चालायचा. काकांनी ती मान घेतली, आणि पुढल्या वर्षी मानेबरोबर शेपटीही हलेल असा जोड केला, बैलाचं अंगही बदललं, वशिंड उंच, छाती पुढे काढलेली, शिंगं आत वळलेली. भैयाजीनं तो उलटा करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "बेस आहे हिरालाल. आता पाय मी आनतो."

म्हणजे चाकं असूनही चारही पाय चालल्यासारखे हलतील असा बैल. तीन वर्षं तो त्याच्या मागे होता. दरवर्षी अर्धवट आणायचा, सगळे पोटात डोकावून सल्ले द्यायचे. तिसऱ्या वर्षी पुढचे दोन पाय टापटाप पडले, मागचे फरफटत आले. "पुढल्या पोळ्याले चारही," असं सांगून तो गेला.

त्या पोळ्यानंतर महिनाभरानं मी कामासाठी गोंदियाला गेलो होतो. बाजारात पोळ्यातून उरलेले प्लास्टिकचे नंदी टांगलेले दिसले. लाल, हिरवे, पिवळे. दोरी ओढून पाहिली. मान डोलली, शेपटी हलली. तेच उंच वशिंड, तीच आत वळलेली शिंगं. कुणीतरी काकांचा बैल विकत घेऊन त्याचा साचा काढला होता, आणि कुठल्या तरी कारखान्यातून हजारांनी माल आला होता. माझं डोकं फिरलं. तिथेच दुकानदाराशी वाद घातला, एक बैल विकत घेतला आणि तडक काकांकडे आलो.

काकांनी तो उलटा केला. खालची झाकणी पेचकसनं काढली, आत पाहिलं आणि म्हणाले, "सफाई आहे. पन भर काही नाही घातली."

"काका, ही चोरी आहे. हे तुमचं आहे. याच्यासाठी कायदा आहे."

"माझं म्हंजे कसं? मान तं भैयाजीची आहे."

"पण रूप तुमचं आहे ना?"

"शिंगं म्या नवेगावच्या जत्रंत पाहिली होती कोनाच्या तरी गोऱ्ह्याची," काका म्हणाले. तो जिवंत गोऱ्हा होता. मला हसू आलं नाही, राग आला. या माणसाला स्वतःचं काही राखता येत नाही, आता मीच राखून देतो, असं मी ठरवलं. इथूनच सगळं बिघडलं, आणि बिघडवणारा मी होतो.

नागपूरला एक एजंट गाठला. वस्तूच्या रूपाची नोंदणी होते, त्याला डिझाइन म्हणतात, ती झाली की दुसरा कोणी तसं रूप वापरू शकत नाही, असं त्यानं सांगितलं. फॉर्म आला. अर्जदाराचं नाव. मी हिरालाल लिहिलं. काका म्हणाले, "भैयाजीचं पन टाक ना." मी म्हटलं, "काका, रकाना एकच आहे." दोन नावं टाकता येतात हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी विचारलंच नाही, कारण विचारलं असतं तर माझं अज्ञान दिसलं असतं.

मग एजंटनं फोनवर विचारलं, "हे डिझाइन याआधी लोकांसमोर आलेलं आहे का? आलेलं असेल तर नवं धरत नाहीत."

मी एक क्षणही न थांबता सांगितलं, "नाही."

गावच्या चौकात सलग चार वर्षं दीड-दोनशे लेकरांनी ते बैल ओढले होते. निम्म्या तालुक्यानं पाहिले होते. पण मला वाटलं, लोकांसमोर म्हणजे टीव्हीवर, पेपरात, मोठ्या शहरातल्या प्रदर्शनात. आमचा तान्हा पोळा कुठे धरायचा? असं मी स्वतःला समजावतो. खरं सांगायचं तर आतून कळत होतं. हो म्हटलं की काम अडणार, म्हणून नाही म्हटलं. दुसऱ्यानं असं खोटं लिहिलं असतं तर मी त्याला सेंटरबाहेर काढलं असतं.

कोलकात्याच्या सरकारी ऑफिसातून सर्टिफिकेट आलं, गोंदियाला नेऊन मी त्याची फ्रेम करून आणली. गावात सत्कार झाला, भर उन्हात काका शाल पांघरून घामाघूम बसले, मी भाषण ठोकलं. भाषणात मी कल्पकता, हक्क, गावाचं नाव असे बरेच शब्द वापरले. भैयाजीचं नाव एकदाही घेतलं नाही.

पुढची पायरी वकिलाची. तोही नागपूरचा. म्हणाला, "कोण कोण असे बैल बनवतात आणि विकतात त्यांची यादी द्या, सगळ्यांना नोटीस काढू." मी गोंदियातले तीन विक्रेते दिले, कारखानावाला दिला. तो म्हणाला, "लाकडाचे कोणी?" मी म्हटलं, एक आहे देवरीकडे, पण तो आपलाच माणूस आहे. वकील म्हणाला, "एकाला सोडलं तर बाकीचे त्याच्याकडेच बोट दाखवतील. नाव टाका, नंतर समजावून सांगा." आणि मी टाकलं. वकीलपत्रावर काकांची सही घेतली. त्यांनी न वाचता केली, कारण कागद माझ्या हातून आला होता.

भैयाजीला फोन करायचा होता. त्या आठवड्यात सेंटरवर फॉर्मची गर्दी होती, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. फोनला दोन मिनिटं लागतात.

कारखानावाल्यानं आपल्या वकिलाकडून सहा पानी उत्तर धाडलं. त्यात लिहिलं होतं की असे बैल या भागात जाहीरपणे वर्षानुवर्षं फिरतात, त्यामुळे तुमची नोंदणीच टिकणारी नाही. हवं तर कोर्टात या. शिवाय त्यानं पुढच्या मालात कान थोडे मोठे केले, शिंगं सरळ केली आणि धंदा चालू ठेवला. आमचा वकील गार पडला. विक्रेत्यांनी नोटिशीच्या पुड्या बांधल्या असतील. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. कायद्याची भीती त्यालाच, ज्याला उलट वकील लावता येत नाही.

पोळा आला. दुसऱ्या दिवशी बक्षिसं झाली, ताडपत्री अंथरली. यायचे तिथे दहा, आले चार. आणि त्या चारांपैकी तिघांनी बैलाच्या पोटावर प्लायवूडचा तुकडा खिळ्यांनी ठोकून आणला होता. काकांनी एक उलटा केला, प्लायवर नख वाजवलं, वर पाहिलं.

"काऊन झाकलं बा?"

तो खाली पाहत म्हणाला, "नोटिशीच्या भीतीनं, हिरालालभाऊ. देवरीच्या भैयाजीले आली ना तुमची."

काका माझ्याकडे वळले. मी तिथेच सगळं सांगितलं, कारण लपवायला जागाच नव्हती. त्यांनी हात धोतराला पुसले. "माझ्या नावानं गेली?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. ते चिडले असते, मला एक थोबाडीत दिली असती, तरी मला बरं वाटलं असतं. किटली आली तेव्हा त्यांनी कप उपडा ठेवला. सगळ्यांनी पाहिलं.

त्या दिवसापासून काकांनी नवा बैल केला नाही. जुनाच करतात, त्याच मापाचा. मध्ये एकदा माझ्या सेंटरवर आले, पिशवीतून एक शिंग काढून टेबलावर ठेवलं, मागे वळलेलं, टोकाला पीळ दिलेलं. म्हणाले, "ओमेश, तुझ्या मशीनवर पाहून सांग ना, हे कोनाचं तं नाही?" माझ्या टेबलापाशी दाखल्यांसाठी चार माणसं उभी होती. चाळीस वर्षं या माणसानं जे दिसलं ते घेतलं आणि त्याचं काहीतरी वेगळंच करून दिलं होतं. आता तो शिंग कोरण्याआधी मालक शोधत होता. त्याचं ते स्वातंत्र्य मी घेतलं, आणि बदल्यात एक फ्रेम दिली.

काकू मात्र सोडत नाहीत. मला पाहिलं की म्हणतात, "तुमी बैलाले येसन घातली का मानसाले, ते तरी सांगा." आणि काका लगेच, "ओमेशनं भल्यासाठीच केलं, त्याले नको बोलू." काकूंचं बोलणं मी पचवतो. काकांचं पचत नाही.

काकांनी भैयाजीला दोन-तीनदा फोन केला. त्यानं उचलला नाही. "लय रागावला," काका म्हणायचे. "रागावनारच." स्वतः जायची त्यांना लाज वाटत होती. शेवटी गेल्या वर्षी, धान कापून झाल्यावर, मी वकिलाकडून लेखी घेतलं की नोटीस मागे घेतली आहे आणि आमची कसलीही हरकत नाही. ते पाकीट खिशात घालून मी मोटरसायकलनं देवरीला निघालो. मनात होतं की कागदानं झालेलं कागदानंच मिटेल. अक्कल तेव्हाही आली नव्हती.

भैयाजी परसात चौकट तासत होता. मला ओळखलं आणि पटकन उभा राहिला. "या साहेब," म्हणाला. आधी तो मला बाबू म्हणायचा. खाट टाकली, पाणी आणलं. बैल कुठेच दिसत नव्हता.

मी पत्र काढलं. वाचून दाखवलं, मराठीत समजावून सांगितलं.

"म्हंजे हिरालालनं परवानगी देल्ली," तो म्हणाला.

"परवानगी नाही हो. परवानगी लागतच नाही तुम्हाला. कधी लागतच नव्हती."

"मंग कागद कायले आनला?"

दिवसभर लोकांना नियम समजावणारा मी पत्राची घडी घालत राहिलो. तो आत गेला आणि एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. त्यात आमची नोटीस होती, नीट घडी घातलेली. इंग्रजीतली. त्याला वाचता येईना म्हणून तो देवरीला एका ऑनलाइन सेंटरवर गेला होता. तिथल्या माणसानं वरवर नजर टाकून सांगितलं, बैल बनवणं बंद कर, नाहीतर कोर्ट होईल. नोंदणी फक्त बाहेरच्या रूपाची होती. मान डोलवायला, पाय हलवायला कोणाचीही बंदी नव्हती. पण सेंटरवाल्यानं पूर्ण वाचलंच नसेल. मीही त्याच्या जागी वाचलं नसतं.

"पायांचं कुठवर आलं होतं?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"झाले होते ना. चारही पडत होते. अंगनात चालवून पाह्यला, नातीनं टाळ्या वाजवल्या." त्यानं चौकटीवरचा भुसा हातानं सारला. "मंग हा कागद आला. घरात सापडला तं पुरावा होईल म्हून चुलीत घातला."

"मापं? कुठे लिहून ठेवली असतील?"

"मापं कोन लिवते बा? हातात होती. मांगं एकदा बसलो होतो पटाशी घेऊन. दारावर कोनी आलं का, असंच वाटत राह्यलं. उठलो."

मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही. माफी मागितली. त्यानं ती मान हलवून घेतली, चहा दिला. निघताना त्यानं विचारलं, "हिरालाल बरा आहे ना?"

"बरे आहेत. त्यांना वाटतं तुम्ही त्यांच्यावर रागावले आहात."

"राग?" तो पहिल्यांदा थोडा हसला. "राग राह्यला असता तं त्याच दिवशी गाडी धरून आलो असतो. दोन शिव्या देल्ल्या असत्या, चहा पेलो असतो अन् वापस आलो असतो. रागावलो नाही बाबू. भेलो. हिरालालले भेलो मी. आता त्याच्या दारात पाय उचलत नाही." मग म्हणाला, "सांगजो त्याले."

देवरी ते आमचं गाव, हायवेनं तासाभराचा रस्ता. ट्रकांच्या मागे मागे मी ते वाक्य घोकत आलो. काका ओट्यावरच बसून होते. मी गाडी स्टँडवर लावायच्या आधीच उठले.

"भेटला?"

"भेटले."

"रागावला आहे अजून?"

त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. आयुष्यात त्यांना कोणी भ्यालेलं नाही. त्यांची गाय त्यांना भीत नाही, काकू तर नाहीच नाही. त्यांना मी काय सांगणार होतो?

"हो काका," मी म्हटलं. "लय रागावले आहेत."

काकांचा चेहरा एकदम उजळला. काकूंना हाक मारून त्यांनी सांगितलं, "ऐकलं का, भैयाजी रागावून आहे!" आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मंग येईल तो. रागावलेला मानूस येते. भांडाले का होईना, येते."

यंदाच्या तान्ह्या पोळ्याला ते सकाळपासून देवरीकडच्या रस्त्याकडे तोंड करून बसले होते. बस आली की उठायचे, गेली की बसायचे. मी दिवसभर त्यांच्या शेजारीच होतो. अजून सांगितलेलं नाही.